मधल्या खोलीचा शेवटचा संपर्क

४ फेब्रुवारी

लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. डिसेंबरपासून या वहीला हात लावला नाही. वहीची माफी मागणं म्हणजे भिंतीला नमस्कार करणं, हे मला कळतं. पण सवय आमच्या डॉक्टरांनी लावलेली. मी त्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो तेव्हा ते म्हणायचे, नोंद राहिली तर आधी 'राहिली' असं लिही, मग पुढचं. म्हणून लिहिलं.

राहण्याचं कारण धाकटा. माझा सख्खा भाऊ घर सोडून गेला. सदुसष्ट वर्षांचा घोडा. या वयाची माणसं घर सोडतात ती चौघांच्या खांद्यावरून. हा पिशवी घेऊन पायी गेला, आणि जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. हिला मात्र सांगून गेला, "वहिनी, यंत्र चालू ठेवा." माणसांचं काही नाही. यंत्र चालू ठेवा.

हे यंत्र म्हणजे मधल्या खोलीतला त्याचा कॉम्प्युटर. तो दिवसरात्र चालायचा, आणि काम काय करायचा, तर दुसऱ्या ग्रहावरची माणसं शोधायचा. यात माझं एक अक्षर पदरचं नाही, धाकट्यानेच सांगितलेलं लिहितो. कुठेतरी मोठाल्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून बसवल्या आहेत. त्यांना आकाशातून जी खरखर येते तिचे तुकडे करून जगभरच्या बिनकामाच्या माणसांना वाटतात. प्रत्येकाच्या घरच्या कॉम्प्युटरने आपला तुकडा चाळायचा, त्यात कोणाची हाक आहे का बघायचं, निकाल परत पाठवायचा, की लगेच दुसरा तुकडा येतो. फुकट. इतकी वर्षं चाळून काय सापडलं? काही नाही. तांदूळ निवडताना निदान खडा तरी सापडतो.

बाकीचं उद्या. यंत्र मी त्याच दिवशी बंद केलं, एवढं लिहून ठेवतो.

५ फेब्रुवारी

भांडण का झालं ते लिहितो, म्हणजे पुढे कोणी माझ्यावर ढकलायला नको.

मला आगीची भीती आहे. गॅसची कळ मी तीनदा बघतो, त्यात लाज कसली? यंत्राची पाठ हाताला लागायची तापलेल्या पोरासारखी. म्हणून मी बाहेर पडताना भिंतीवरचं बटण बंद करायचो. धाकटा कुरकुरायचा की तुकडा अर्धवट राहतो, पहिल्यापासून चाळावा लागतो. मी म्हणायचो, त्यांना कुठे गाडी पकडायची आहे?

त्या दिवशी समोरचे हेडमास्तर चहाला आले होते. त्यांनी सहज विचारलं हे काय चाललंय, आणि धाकटा सुटला. तबकड्या, तुकडे, तारे. तीन वर्षांपासून त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे बोलतो तेही गावभर ऐकू जाईल असं. हेडमास्तर मिशीत हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हसायचंच असेल तर आधी घरच्याने हसावं, म्हणजे बाहेरच्याच्या हसण्याला धार राहत नाही, असा माझा विचार. मी म्हटलं, "घरातली हाक ऐकू येत नाही, आणि निघालाय आकाशातली ऐकायला." आणि बटण बंद केलं.

त्याला ऐकू यावं म्हणून मुद्दाम मोठ्याने बोललो होतो. एरवी प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणणारा माणूस. त्या दिवशी एकदाही विचारलं नाही.

आयुष्यभर टेलिफोन खात्यात लोकांचे फोन जोडून दिले याने. स्वतः लग्न केलं नाही, त्याला फोन करणारं कोणी नाही. मोबाइल आहे तो कपाटात पडलेला, कारण ऐकू येत नाही. आणि एका वाक्यावरून घर सोडतो. साखरेचा माणूस. पाणी लागलं की विरघळला.

९ फेब्रुवारी

खोलीत फार शांत वाटतं. यंत्राच्या पंख्याचा घुर्रर्र आवाज बंद झाला म्हणून, बाकी काही नाही. कॉम्प्युटर विकून टाकावा असं मी म्हटलं. ही म्हणाली, "विका. आणि भाऊजी आले की त्यांना मिक्सरसमोर बसवा." हिच्या बोलण्याला काही अर्थ नसतो.

धाकट्याच्या उशीखाली त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या सापडल्या. पट्टी अर्धी भरलेली. गोळ्या विसरून जाणारा माणूस तारे शोधतो.

११ फेब्रुवारी

यंत्र दाखवायला बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा ढेरपोट्या आहे. येताच त्याने यंत्र उघडलं, फुंकर मारली, काडीने खुडबुड केली, आणि सगळं परत बसवल्यावर एक स्क्रू उरला तो खिशात घातला. मी त्याचं नाव खुडबुड्या ठेवलं. यंत्र चालू केल्यावर धाकट्याचा तो आकाशवाला कार्यक्रम आपोआप उघडला. खुडबुड्याने त्यात दोनचार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "काका, या खात्यावर दोन यंत्रं दिसतात. दुसरं कुठे आहे?"

मी म्हटलं, दुसरं नाही. तो म्हणाला, आहे. त्याने दाखवलं. मला इंग्रजी अक्षरं वाचता येतात, औषधांच्या बाटल्यांनी शिकवली. एका ओळीत लिहिलं होतं 'मधली-खोली', म्हणजे आमचं हे. यंत्राला नाव द्यावं लागतं, ते धाकट्याने असं दिलेलं. पुढे लिहिलेलं शेवटचा संपर्क कधी झाला ते, तर मी बटण बंद केलं तो दिवस. खालच्या ओळीत दुसरं नाव, 'परकी-खोली'. शेवटचा संपर्क काल.

ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दोन्ही ओळी बघून पदर डोळ्यांना लावला. मी तिला सांगितलं की रडण्यासारखं काही नाही, गाढव दुसरीकडे खोली घेऊन तोच उद्योग करतंय. खोली कुठे आहे ते यंत्र सांगतं का, असं मी खुडबुड्याला विचारलं. सांगत नाही म्हणाला. ताऱ्यांपर्यंत कान लावणारं यंत्र, आणि चार गल्ल्यांपलीकडचा माणूस सांगता येत नाही.

मग एक गोष्ट माझ्या डोक्यात आली. हीच यादी तोही तिकडे बघत असणार. म्हणजे मी यंत्र बंद ठेवलंय हे त्याला रोज दिसतंय.

यंत्र विकलं नाही. भाव पडलाय म्हणे.

१२ फेब्रुवारी

यंत्र चालू ठेवलं आहे. कारण लिहितो. बंद दिसलं तर त्याला वाटेल दादाने राग धरला. मी राग धरण्याइतकं त्याचं महत्त्व नाही.

१७ फेब्रुवारी

सकाळी दात घासले की यादी बघतो. परकी-खोली, काल. परकी-खोली, आज. बरं.

बाकीच्या पानांवरही फिरलो. या मूर्खपणात लाखो लोक आहेत. कोणी जास्त तुकडे चाळले याचे गुण मिळतात, त्या गुणांवर गट, गटांच्या शर्यती. गुणांचं काय करायचं? काही नाही. शाळेतसुद्धा गुणांवर निदान पुढच्या वर्गात ढकलायचे. मी सातवीला थांबलो, पण इतका रिकामा नव्हतो. धाकट्याचा नंबर फार खाली आहे. आमचं यंत्र बंद होतं त्यामुळे आणखी घसरला. घसरू दे.

तिकडची माणसं असतीलच तर शहाणी असणार. शहाणी असतील तर आपल्याशी कशाला बोलतील?

यंत्राची पाठ तापते म्हणून टेबलफॅन त्याच्या मागे लावला. आता मला उकडतं.

२२ फेब्रुवारी

खुडबुड्या उरलेला स्क्रू परत द्यायला आला. (इतके दिवस त्याला वाटत होतं ते स्वतःच्या शर्टाचं बटण आहे.) त्याच्याकडून शिकून घेतलं की यंत्राचं नाव बदलता येतं. नाव बदलायचं, यंत्र बंद करून परत चालू करायचं, आणि पुढचा संपर्क झाला की यादीत नवं नाव दिसतं. इंग्रजी अक्षरं, आणि थोडीच. मध्ये जागा सोडता येत नाही, आडवी रेघ द्यावी लागते.

मी नाव बदलून 'रिकामा-उद्योग' ठेवलं. वाचू दे त्याला.

२४ फेब्रुवारी

सकाळी यादीत 'परकी-खोली' नव्हती. त्या जागी 'दादा-गप्प-बस'.

मी हिला हाक मारली. ती वाचून इतकी हसली की तिला उचकी लागली. मी हसलो नाही. थोरल्या भावाला असं लिहितात? वडील असते तर याच्या कानाखाली वाजवली असती. हिला पाणी द्यायला उठलो तेव्हा थोडं हसू आलं, ते उचकीमुळे.

ही म्हणाली, आता नीट काहीतरी लिहा. मी 'औषध-घे' लिहिलं. कंपाउंडर होतो, तेवढं माझं कर्तव्य.

२६ फेब्रुवारी

'घेतो-रोज'.

खोटं बोलतोय. गोळ्या इथे आहेत. ही म्हणते, गोळ्या बाजारात मिळतात. हे मला सांगते, मला.

२७ फेब्रुवारी

आज फार बरं वाटत होतं, म्हणून एक गंमत केली. नाव ठेवलं 'सापडलं-का-कोणी'. ही म्हणाली, "असलं नका लिहू. तो माणूस आता कुठे बोलायला लागलाय." मी म्हटलं, त्याने गप्प बस म्हटलेलं चालतं, मी एवढं विचारलेलं चालत नाही? टोमणा आहे हे मला मान्य. पण टोमणा घरच्यालाच मारतात. परक्याला काय, आपण नमस्कारच घालतो.

१ मार्च

अजून 'घेतो-रोज'च आहे. शेवटचा संपर्क २७ फेब्रुवारी. रुसला असेल. लहानपणापासून असाच, पतंग कापला की जेवायचा नाही.

४ मार्च

शेवटचा संपर्क २७ फेब्रुवारी.

रुसला तर नाव बदलणार नाही, हे समजतं. पण संपर्क यंत्र करतं, माणूस नाही. यंत्र कसं रुसेल? म्हणजे बटण बंद केलं आहे, किंवा बटण चालू करणारा उठत नाहीये. 'किंवा'च्या पुढचं लिहायला नको होतं. खोडणार होतो, पण डॉक्टर म्हणायचे नोंद खोडायची नाही.

६ मार्च

टेलिफोन खात्यातला त्याचा एक जुना सोबती आहे, त्याच्या घरी जाऊन आलो. जिने चढून धाप लागली. तो म्हणाला, आला होता, काही दिवस राहिला, मग खोली घेतली म्हणून गेला. कुठे, ते सांगितलं नाही. मी विचारलं, तुम्ही विचारलं नाही? तर म्हणतो, "विचारलं होतं हो, त्याला ऐकू आलं नाही." आणि हसला. चहा तसाच ठेवून मी उठलो. दुसऱ्याच्या बहिरेपणावर दात काढणारी माणसं मला आवडत नाहीत.

घरी आल्यावर हिला सांगितलं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही, जेवून घ्या."

९ मार्च

खुडबुड्याला परत बोलावलं. यंत्र ठीक आहे, यादी ठीक आहे, दुसऱ्याचा संपर्कच नाही. तो म्हणाला, वायर निघाली असेल, काका. वायर निघाली तर माणूस खोचत नाही का?

त्याने आणखी एक सांगितलं. प्रत्येक तुकड्याला मुदत असते. मुदतीत परत आला नाही तर तोच तुकडा ते दुसऱ्या कोणाला चाळायला देतात. मी विचारलं, दुसऱ्या कोणाला म्हणजे? आधी घरातल्याला विचारत असतील ना? एकाच खात्यावर दोन भावांची यंत्रं असली तर धाकट्याचं राहिलेलं काम थोरल्याकडेच येणार. तो भिजल्या पोह्यांसारखं मऊ तोंड करून चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "असेल, काका." म्हणजे त्याला माहीत नाही. याचं ज्ञान स्क्रूला सुरू होऊन स्क्रूला संपतं. पण व्यवहार म्हणून माझं बरोबर आहे. त्याची अर्धी राहिलेली कामं लहानपणापासून माझ्याकडेच आलेली आहेत.

म्हणून आता यंत्र क्षणभरही बंद पडता कामा नये. त्याचा तुकडा यायचा आणि आमचं बटण बंद असायचं, असं नको. बाहेर जाणं बंद केलं. आगीची भीती आहे, पण समोर बसलेलो असलो तर आग काय लागेल? पाण्याची बादली जवळ ठेवली होती. ही म्हणाली विजेवर पाणी टाकतात का. वाळूची ठेवली.

११ मार्च

दुपारी हेडमास्तर आले. मला यंत्रासमोर बसलेला बघून मिशीत हसले आणि म्हणाले, काय, तुम्हालाही लागण झाली का? कोणी बोललं का तिकडून?

आकाशातलं मला काय करायचं आहे, मी त्यांना सांगणार होतो की माझा भाऊ आहे तिकडे. पण सांगितलं नाही. मी म्हटलं, "मास्तर, तुम्हाला कळण्यासारखं नाही ते." ते चहा न घेताच गेले. चाळीस वर्षं पोरांना हसत आले, अजून पोट भरलं नाही.

ही दारामागे उभी होती. म्हणाली, "हे तुम्ही भाऊजींच्या देखत म्हणाला असतात, तर?"

यंत्राच्या पाठीला हात लावून बघितला. गरम होती. डॉक्टर म्हणायचे, या हाताला नाडी लागली नाही तर त्या हाताला बघ, लगेच चादर ओढू नकोस.

१२ मार्च

'सापडलं-का-कोणी' हे नाव दोन आठवडे लोंबतंय. ते काढायचं ठरवलं. मी 'चुकलो-परत-ये-लवकर' लिहिलं. यंत्र घेईना. नाव फार मोठं आहे म्हणतं. मग 'चुकलो' काढून बघितलं, घेतलं. मी हिला म्हटलं, हे बसतंय. ती चष्मा लावून बसली आणि म्हणाली, "'चुकलो' ठेवा. बाकीचं काढा."

मी म्हटलं, नुसतं 'चुकलो'? कोण चुकलो, काय चुकलो, त्याला कसं कळणार? यंत्र हिशेबात चुकलं असं वाटेल. ती म्हणाली, त्याला कळतं. मी म्हटलं, परत ये म्हणणं महत्त्वाचं, ते औषध आहे. हे नुसतं वरचं लेबल. ती म्हणाली, "लेबल नसलेली बाटली तुम्ही कधी कोणाला दिलीत?"

हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

'चुकलो-दादा' ठेवलं. शेवटी दादा जोडलं, म्हणजे घोटाळा नको. यंत्र बंद करून चालू करावं लागलं, तेवढा वेळ जीव टांगणीला. मग संपर्क झाला आणि यादीत दिसलं. तसंच ठेवून बसलो. दुपारभर ते नाव बघवत नव्हतं. उद्या परत आला तर आयुष्यभर हेच ऐकवेल, वर मला "काय?" म्हणून दोनदा म्हणायला लावेल. लावू दे.

संध्याकाळी धीर सुटला. म्हटलं एवढं वाचून त्याने करायचं काय, ते सांगितलंच नाही. नाव बदलून 'लवकर-कळव' केलं.

१३ मार्च

सकाळी दात न घासताच बघितलं.

'घेतो-रोज'. शेवटचा संपर्क काल.

काल. वेळ दिलेली आहे, पण ती कुठल्या देशाच्या घड्याळाची आहे, हे खुडबुड्याला फोन करून विचारलं, त्याला सांगता येईना. मी काल दोन नावं ठेवली होती. दुपारी एक, संध्याकाळी एक. त्याने कुठल्या वेळी बघितलं? बघितलं की नुसती वायर खोचली? की वायर दुसऱ्याच कोणी खोचली आणि हा खाटेवर पडूनच आहे? हिला विचारलं. ही देवासमोर बसल्यासारखी त्या ओळीसमोर बसली आहे आणि म्हणते, "खोचली ना? झालं." बायकांना 'काल' एवढं पुरतं.

नाव बदलायला आता भीती वाटते. बदलताना यंत्र बंद करावं लागतं, आणि नेमका त्याच वेळी तो बघायचा. म्हणून जे आहे तेच राहू दिलं. बाकीचं इथे लिहितो. इथे कितीही मोठं चालतं.

अरे, गोळ्या तुझ्या उशीखालीच आहेत, मी हलवल्या नाहीत. यंत्र चालू आहे, मागे पंखा लावला आहे, तुझा कुठलाही तुकडा आला तर इथे माणूस हजर आहे. काल दुपारी एक नाव ठेवलं होतं. ते दिसलं असेल तर कळव. नसेल दिसलं, तर तेही कळव. लवकर.